खापर प्रेक्षकांवरच का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लहान चित्रपटगृहं आणि व्हिडिओ लायब्रऱ्या बंद पडण्याविषयीचा लेख वाचला. लिहिणाऱ्याने जिव्हाळ्याने लिहिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘शेवटी प्रेक्षकांनीच पाठ फिरवली’ हे त्यातलं वाक्य काही घशाखाली उतरेना. मी एकतीस वर्षं प्रोजेक्शन केबिनमध्ये ऑपरेटर होतो. त्यातली बारा-तेरा वर्षं सकाळी थोरल्या भावाच्या व्हिडिओ लायब्ररीत बसायचो आणि दुपारी केबिन गाठायचो. दोन्हीकडे शेवटचं कुलूप लागलं तेव्हा मी तिथे उभा होतो. म्हणून हे पत्र.

प्रेक्षक कमी झाले, हे मी कशाला नाकारू? टीव्ही आला तेव्हा कमी झाले, कॅसेट आली तेव्हा आणखी कमी झाले. ती कॅसेट भाड्याने देणारा माझाच भाऊ. म्हणजे सकाळी ज्यांना मी घरी बसून पिक्चर बघायची सोय करून द्यायचो, त्यांचीच संध्याकाळी थिएटरात वाट बघायचो! पण लहान थिएटर थोडक्यात भागवायला शिकलेलं असतं. तीनशे खुर्च्यांत चाळीस माणसं बसली तरी आमचा खेळ व्हायचा. कारण खर्च फारसा नव्हता. माणसं चार, आणि यंत्र असं की मी कामाला लागलो त्याच्या आधी वीस वर्षं ते चालत होतं आणि मी निघालो तेव्हाही चालत होतं. तेल घालायचं, गेट (म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते ती खाच) पुसायचं, झिजलेलं दातेरी चाक उलटं करून बसवायचं की पुढची काही वर्षं निभायची. कंपनीचा माणूस मी दोनदा पाहिला असेन.

आमचा दोष सांगायचा तर तोही सांगतो. दिवा जास्त दिवस टिकावा म्हणून मालक करंट कमी ठेवायला लावायचे. दिवा टिकायचा, पण पडद्यावर भरदुपारचा प्रसंगही संध्याकाळ झाल्यासारखा दिसायचा. खुर्च्या मोडक्या, आवाज फाटका. याला कंटाळून जे गेले, त्यांना मी दोष देणार नाही. पण थिएटर त्यामुळे बंद पडलं नाही.

नेमकं काय झालं ते कळायला आधी केबिनमधलं काम थोडं समजून घ्यावं लागेल. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने पळते, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. दोन हजार फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. म्हणून केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असतात. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची. सात-एक सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्यावर चेंजओव्हर, म्हणजे पहिल्या प्रोजेक्टरवरचं चित्र बंद आणि दुसऱ्यावरचं चालू. हात जमलेला असेल तर खाली बसलेल्यांना पत्ताही लागत नाही. त्या सात सेकंदांत मी कधी पापणी मिटली नाही. आजही घरी टीव्ही बघताना वीस मिनिटं झाली की माझी नजर आपोआप वरच्या उजव्या कोपऱ्यात जाते, आणि बायको म्हणते, “आता कोण ठिपका टाकणार आहे?”

फिल्म तुटायचीही. पडदा पांढरा व्हायचा, खालून शिट्ट्या सुरू. पहिलं काम म्हणजे दिव्यासमोरची झडप पाडायची, नाहीतर गेटमध्ये अडकलेली चौकट उष्णतेने फुगून जळते. मग दोन्ही टोकं ओढून घ्यायची, स्प्लायसरवर, म्हणजे फिल्म जोडायच्या पट्टीयंत्रावर, छिद्राला छिद्र जुळवायचं, फाटलेली एखाद-दुसरी चौकट कापायची, पट्टी दाबायची, पुन्हा चढवायचं. माझा हात चांगला चालत होता त्या काळात दीड मिनिटात पिक्चर पुन्हा सुरू व्हायचं. प्रिंट आमच्याकडे येईपर्यंत आधीच्या दहा ऑपरेटरांचे जोड तिच्या अंगावर असायचे. कुणाचा जोड किती सफाईदार, त्यावरून न भेटलेल्या माणसांची पारख व्हायची. एकजण नेहमी एक चौकट जास्त कापायचा. कोण होता देव जाणे, पण मी त्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या आहेत.

आता डिजिटलकडे येतो. अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओंनी 2002 मध्ये एकत्र येऊन एक संस्था काढली, आणि तिने 2005 मध्ये डिजिटल प्रक्षेपण कसं असावं याचे तांत्रिक नियम प्रसिद्ध केले. पुढच्या सात-आठ वर्षांत सगळं उलटंपालटं झालं. फिल्म बनवणाऱ्या कोडॅकने जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं, आणि 2013 मध्ये फुजीने चित्रपटांसाठी लागणारी कच्ची फिल्म बनवणं थांबवलं. प्रिंटच मिळेना म्हटल्यावर जुना प्रोजेक्टर कितीही ठणठणीत असला तरी काय उपयोग?

यात वाचलं कुणाचं आणि गेलं कुणाचं, ते बघा. प्रिंटा काढायच्या, डबे भरायचे, वाहतूक करायची, हा सगळा खर्च वितरकाचा होता. तो वाचला. नवं यंत्र घ्यायचा खर्च मात्र थिएटरवर पडला. हा अन्याय दिसत होता, म्हणून एक तोड काढली गेली. नव्या चित्रपटाच्या प्रत्येक बुकिंगमागे वितरकाने थिएटरला यंत्राच्या खर्चापोटी काही रक्कम द्यायची. ऐकायला छान. पण ती रक्कम नवे चित्रपट पहिल्या आठवड्यापासून, भराभर बदलत लावणाऱ्यांच्या हिशोबाने बेतलेली होती. बारा पडद्यांच्या मल्टिप्लेक्सचं यंत्र त्यात फिटलं. आमच्यासारखे जे चौथ्या-पाचव्या आठवड्यात चित्रपट लावायचे, जुने चित्रपट पुन्हा आणायचे, एखादा अनोळखी भाषेतला चित्रपट चार खेळ चालवून बघायचे, त्यांच्या वाट्याला चिल्लर आली.

हे अटळ होतं असं कुणी म्हणू नये. फ्रान्समध्ये चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर कर आहे आणि तो पैसा त्यांच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्रामार्फत पुन्हा चित्रपटांकडेच वळतो, थिएटरांकडेही. डिजिटलची लाट आली तेव्हा त्यांनी 2010 मध्ये कायदा करून वितरकांना यंत्रांच्या खर्चात वाटा उचलायला लावला, आणि ज्या लहान थिएटरांना तेवढ्याने भागत नव्हतं त्यांना सरकारी मदत दिली. टीव्ही आणि इंटरनेट त्यांच्याकडेही होतंच की. तरी तिथे लहान थिएटरं तगून राहिली.

आमच्या मालकांनी कर्ज काढून वापरलेलं यंत्र घेतलं. पुढे एका शुक्रवारी काय झालं ते सांगतो. सर्व्हरमधला मीडिया ब्लॉक, म्हणजे चित्रपटाचं कुलूप उघडून तो प्रोजेक्टरला देणारा भाग, आदल्या आठवड्यात जळाला म्हणून बदलला होता. नवा चित्रपट हार्ड डिस्कवर आला, मी तो सर्व्हरवर चढवला, नीट चढला. पण डिजिटल चित्रपट कुलूपबंद येतो. त्याची किल्ली, केडीएम म्हणतात तिला, वेगळी ईमेलने येते. ती एकाच यंत्राला लागते, आणि ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या तारखेपर्यंतच. आमची किल्ली जळालेल्या मीडिया ब्लॉकच्या नावाने बनून आली होती. सहाचा खेळ, खाली सव्वीस माणसं. मी फोन लावला. ज्या कार्यालयातून किल्ली यायची तिथला माणूस म्हणाला, नव्या यंत्राचं प्रमाणपत्र पाठवा, बघतो. पाठवलं. पुन्हा फोन लावला, तर रेकॉर्ड केलेला आवाज: कामकाजाची वेळ संपली आहे.

चाळीस मिनिटांनी मी खाली उतरलो आणि सव्वीस जणांचे पैसे परत केले. एक आजोबा म्हणाले, “फिल्म तुटली का हो?” काय सांगणार? न तुटलेला, न ओरखडलेला अख्खा चित्रपट माझ्यापासून दोन हातांवर लोखंडी पेटीत पडला होता, आणि एकतीस वर्षांत शिकलेलं काहीही तिथे कामाचं नव्हतं. तुटलेली फिल्म मी जोडली असती. न आलेली परवानगी कशी जोडणार? किल्ली दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ते सव्वीस जण मात्र परत आले नाहीत. ‘प्रेक्षकांनी पाठ फिरवली’ म्हणताना हे सव्वीसही मोजायचे का, एवढंच मला लेखकाला विचारायचं आहे.

कॅसेटच्या दुकानाचंही वेगळं काही नाही, फक्त कुलूप दुसरं.

व्हीएचएस, म्हणजे आम्ही भाड्याने द्यायचो ती घरगुती व्हिडिओ कॅसेट, 1976 मध्ये जपानमध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज ॲटकिन्सन नावाच्या माणसाने एका स्टुडिओचे पन्नास चित्रपट कॅसेटवर विकत घेऊन भाड्याने द्यायला सुरुवात केली. स्टुडिओंना ते रुचलं नाही, पण तिथला कायदा त्याच्या बाजूने होता. विकत घेतलेली प्रत पुढे विकायला किंवा भाड्याने द्यायला तिथे पुन्हा परवानगी लागत नाही. व्हिडिओ लायब्ररीचा सगळा डोलारा तिथे या एका गोष्टीवर उभा राहिला. प्रत दुकानदाराची. ती कपाटात किती वर्षं ठेवायची, कुणाला द्यायची, हे तो ठरवणार.

भावाच्या दुकानात सोवळं सगळं होतं असं मी म्हणणार नाही. नकली कॅसेटी त्या धंद्यात खूप फिरल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय ओल लागली की टेपवर पांढरी बुरशी धरायची. अशी एक कॅसेट गिऱ्हाइकाच्या व्हीसीआरमध्ये गेली की त्याचं टेप वाचणारं हेड खराब, आणि भांडण आमच्या काउंटरवर. टेप गुंतली की कॅसेट उलटी करून खालचे पाच स्क्रू काढायचे, झाकण उचलायचं, चुरगळलेला तुकडा कापून जोडायचा. माझी बोटं फिल्मला सरावलेली, त्यामुळे हे काम माझ्याकडे.

हे काम करता करता एक गंमत लक्षात आली. कॅसेट चालवून बघितली की लोक कुठे थांबले ते कळायचं. एखादा प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितला, तिथे चित्र थांबवून धरलं, की हेड त्याच जागी घासत राहतं आणि टेपवरचा थर झिजतो. मग नेमक्या त्या जागी पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. मारामाऱ्यांच्या चित्रपटांत या रेघा कुठे असतील ते मी न बघताही सांगितलं असतं. पण एक साधा कौटुंबिक चित्रपट होता, फारसा न चाललेला. त्यात एक म्हातारा रिकाम्या खोलीत उभा राहून भिंतीवरच्या खिळ्याकडे बघतो, एवढाच प्रसंग, आणि नेमकी तिथे टेप झिजलेली. वही काढून बघितली. ती कॅसेट तीन वर्षांत चौघांनी नेली होती आणि त्यातल्या एका बाईंनी नऊ वेळा. मी त्यांना कधी काही विचारलं नाही. दुकान बंद करताना मात्र ती कॅसेट त्यांना देऊन टाकली. त्यांनीही काही विचारलं नाही, पिशवीत घातली आणि गेल्या.

लोक नाव विसरून यायचे. ‘तो नाही का, ज्यात भाऊ परत येतो आणि दार दुसराच कुणीतरी उघडतो.’ भाऊ डोकं खाजवत मागच्या कपाटात जायचा आणि चारांतली एक बरोबर काढून आणायचा. तीन चुकीच्याही निघायच्या, आणि कधी कधी गिऱ्हाईक त्या चुकीच्यातलीच एक घेऊन जायचं.

या दुकानांना पहिला धक्का इंटरनेटने दिला असं सगळे समजतात. तो त्याआधीच बसला होता. अमेरिकेत 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या साखळी दुकानांनी स्टुडिओंशी करार केले. कॅसेट जवळपास फुकटात घ्यायची आणि भाड्यातला वाटा द्यायचा. त्यांच्याकडे एका नव्या चित्रपटाच्या ढीगभर प्रती आल्या. एकट्यादुकट्या दुकानदाराला तीच कॅसेट पूर्ण किमतीला, म्हणून दोनच प्रती. शुक्रवारी रात्री ‘आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही, गेली’ हे उत्तर किती दिवस ऐकून घेतील लोक? पुढे त्या साखळ्याही बुडाल्या. ब्लॉकबस्टरची एके काळी नऊ हजारांच्या आसपास दुकानं होती, 2019 पासून ओरेगनमधल्या बेंड गावातलं एकच उरलंय. त्याचे फोटो बघून लोक हळहळतात. हळहळावं. पण ज्यांना त्या साखळीने गिळलं त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

आणि मग स्ट्रीमिंग. त्यात प्रत विकतच नाहीत, बघायची परवानगी देतात. दुकानदाराच्या हातात काही पडतच नाही, मग तो भाड्याने काय देणार? ‘सगळं एका बोटावर मिळतं’ असं लेखात आहे. ज्यांचं ते आहे त्यांनी ठेवलंय तोवर मिळतं. 2023 मध्ये एका बड्या कंपनीने आपल्याच सेवेवरचे डझनावारी कार्यक्रम आणि चित्रपट हिशोबाच्या सोयीसाठी उतरवले. त्यातला एक नवाकोरा चित्रपट जेमतेम सात आठवडे तिथे होता. थिएटरात लागलेला नाही, डिस्क काढलेली नाही. काही महिन्यांनी तो इंटरनेटवर विकत घ्यायची सोय झाली, हेही सांगायला हवं. पण मधल्या काळात जगातल्या कुठल्याही दुकानदाराच्या मागच्या कपाटात तो नव्हता, कारण ते कपाट भरायची वाटच उरलेली नाही.

काही ठिकाणी लोकांनी कपाटं वाचवली. अमेरिकेतल्या सिॲटलचं स्केअरक्रो व्हिडिओ हे दुकान 2014 पासून ना-नफा संस्था म्हणून चालतं आणि त्यांच्याकडे लाखाच्या वर शीर्षकं आहेत. त्यांतली कितीतरी आज कुठल्याच सेवेवर नाहीत. पोर्टलँडमध्ये 2017 साली ‘मूव्ही मॅडनेस’ हे दुकान एका ना-नफा थिएटरने लोकवर्गणी काढून घेतलं. थिएटरने लायब्ररी वाचवली, हे वाचून मला आणि भावाला किती बरं वाटलं असेल! न्यूयॉर्कच्या किम्स व्हिडिओ या दुकानाचा संग्रह मात्र 2009 मध्ये इटलीतल्या सालेमी गावाला गेला, बरीच वर्षं तिथे पडून राहिला आणि 2022 मध्ये न्यूयॉर्कला परत आला. नुसतं जपून ठेवतो म्हणून भागत नाही, रोज काढून देणारा माणूस लागतो.

भावाच्या कॅसेटी मी एका ग्रंथालयाला देऊ केल्या होत्या. ते म्हणाले, आमच्याकडे पुस्तकांचे नियम आहेत, याचे नाहीत. शेवटची मोठी कंपनी 2016 मध्ये व्हीसीआर बनवायची थांबली, त्यामुळे आज घेतल्या तरी चालवणार कशावर हाही प्रश्नच आहे. डिस्कचं तसं व्हायला अजून अवधी आहे. बंद होणाऱ्या दुकानांतल्या डिस्क सार्वजनिक ग्रंथालयांनी यादीसह आणि चालू यंत्रासह ताब्यात घ्याव्यात, आणि त्यासाठी नियम करावा लागला तर करावा. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरला तर बरं होईल. दुसरं, पहिल्या लाटेतले डिजिटल प्रोजेक्टर आता म्हातारे झालेत, त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतायत आणि लेझरची नवी यंत्रं आली आहेत. जी लहान थिएटरं एकदा कर्ज काढून वाचली, त्यांच्यापुढे तोच खर्च दुसऱ्यांदा उभा आहे. या वेळी तरी हिशोब आधी व्हावा, मृत्युलेख नंतर.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर
(नाव छापू नये, ही विनंती.)

ता. क. : लेखासोबत छापलेल्या छायाचित्रातल्या प्रोजेक्टरवर फिल्म ताणून चढवलेली आहे. गेटच्या वर आणि खाली फिल्मला सैल कमान ठेवावी लागते, लूप म्हणतो आम्ही. दातेरी चाकं फिल्म अखंड ओढत असतात, पण गेटमध्ये ती सेकंदाला चोवीस वेळा थांबते. मधे ढील नसेल तर पहिल्याच सेकंदाला छिद्रं फाटतील. छायाचित्र बहुधा संग्रहालयातलं असावं. तिथल्या कुणाला दाखवून हवं असेल तर मी सकाळी मोकळा असतो.